आगीच्या कुंडलीतला थेंब

पूर्वजांसमोर चहाचे तीन पेले मांडून झाल्यावर श्यूचिनने उजवीकडचा पेला दोन बोटांनी हळूच मेजाच्या कडेकडे सरकवला. पेल्याचा तळ थोडासा अधांतरी आला तेव्हा ती थांबली, उरलेले अंतर डोळ्यांनी मोजले, आणि हात पुसत स्वयंपाकघरात निघून गेली. पाच मिनिटांनी तिचा मुलगा यान आला. त्याने उदबत्ती लावली, तीनदा वाकून नमस्कार केला, आणि तिसऱ्यांदा सरळ होता होता तोच पेला दोन बोटांनी आत ओढला.

हे सकाळपासून चालले होते. भरती-ओहोटीच्या नियमाने पेला कडेला जात होता आणि परत येत होता, पण दोघांपैकी कुणीही त्याविषयी अवाक्षर काढले नव्हते. काढण्याची सोयही नव्हती. उदबत्तीच्या पितळी पात्राखाली एक लाल कागद दुमडून ठेवला होता, आणि तो तिथे असेपर्यंत या घरात आवाज चढवायला बंदी होती.

त्या कागदावर एका मुलीच्या जन्माचे वर्ष, महिना, दिवस आणि तास, प्रत्येकी दोन, अशी आठ अक्षरे लिहिलेली होती. चीनमधल्या छ्वानचौ शहराच्या जुन्या गल्ल्यांत अजून काही घरे अशी आहेत, जिथे होणाऱ्या सुनेचा कागद तीन दिवस पूर्वजांच्या हवाली करतात. तीन दिवसांत घरात काही फुटले नाही, कुणी आजारी पडले नाही, कुणाचे भांडण झाले नाही, तर पूर्वजांना मुलगी पसंत. एखादी बशी जरी तडकली तरी कागद आल्या वाटेने परत जातो, आणि त्यावर कुणी कुणाला कारण विचारत नाही.

श्यूचिनने या प्रकाराला होकार दिला होता तो केवळ खात्रीपोटी. मुलीचे नाव ज्यांग लिन. आडनावाचा अर्थ नदी, आणि नावाचा अर्थ तीन दिवस न थांबणारा पाऊस. एवढे पाणी पाहिल्यावर पूर्वज काय म्हणतील, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. पण पहिला दिवस सरला. काही फुटले नाही. यानने घरातल्या सगळ्या चिनी मातीच्या वाट्या दुलयांत गुंडाळून पलंगाखाली ठेवल्या होत्या आणि सगळे प्लास्टिकच्या भांड्यांत जेवत होते. तेव्हा दुसऱ्या दिवशी श्यूचिनने पेल्याचा विचार केला. पूर्वजांना फसवणे तिच्या बुद्धीत बसत नव्हते. त्यांना थोडी सोय करून देणे बसत होते.

आणि तिला दोष तरी कसा द्यावा? यानचा जन्म शहाऐंशी सालचा, पाचव्या महिन्याच्या पाचव्या तिथीचा. नदीत होड्यांच्या शर्यती लागतात त्या सणाच्या दिवशी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तो या घरात जन्मला. झ्वांगगुरुजींनी आठ अक्षरे मांडली आणि लेखणी खाली ठेवून ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. खालच्या ओळीत वर्ष वाघाचे, महिना घोड्याचा, दिवस कुत्र्याचा, तास पुन्हा घोड्याचा. हे तीन प्राणी एकत्र आले की आगीचा मेळ पुरा होतो. वरच्या ओळीत आणखी दोन वेळा आग, आणि तिला घालायला दोन वेळा लाकूड. आठ अक्षरांत पाण्याचा टिपूस नाही.

"ऊर्ध्वज्वाला योग," गुरुजी म्हणाले होते. "हजारात एकाच्या नशिबी येतो. अशा आगीला राजासारखं वागवायचं, श्यूचिन. तिला पाणी दाखवायचं नाही. थोड्या पाण्याने ती विझत नाही, चवताळते."

त्या दिवसापासून हे घर एका ज्योतीभोवती उभारले गेले. मुलाचे नाव ठेवले ते ज्या अक्षरात आगीचे चिन्ह तीनदा येते, दोनांवर एक असे. त्याची खोली दक्षिणेला. त्याला काळे-निळे कपडे नाहीत, कारण ते पाण्याचे रंग, नदीकाठी जाणे नाही, शाळेची समुद्रावरची सहल नाही. मोठा झाल्यावर त्याला आले घातलेल्या बदकाचे दुकान काढून दिले. दारासमोर कोळशाच्या शेगड्यांची रांग, प्रत्येकीवर मातीचे भांडे, आणि त्या रांगेमागे दुपारी चारपासून दहा वाजेपर्यंत यान. दुकान चालले, यात शंका नाही. मात्र त्याच्या पाठीवर बारा महिने घामोळे असे, ओठ फुटलेले असत, आणि उन्हाळ्यात भांड्याचे झाकण उचलता उचलता त्याच्या नाकातून रक्त येई. उष्णतेवर उतारा म्हणून श्यूचिन त्याला शेवंतीच्या फुलांचा चहा घागरीने पाजत असे. चहा पाण्यात मोडतो का, हा प्रश्न यानने सातव्या वर्षी विचारला होता. आईने क्षणभर विचार करून निवाडा दिला होता की चहा पानाफुलांत मोडतो, पाण्यात नाही. तो निवाडा या घरात आजवर कुणी बदलला नव्हता.

आणि या घरात तेहतीस वर्षांत मासा शिजला नव्हता. मासा म्हणजे पाण्याचा जीवच. माशाची आठवण येते हे श्यूचिन कधी बोलून दाखवत नसे. ती समुद्रकाठच्या कोळ्याची मुलगी होती. मासळीबाजार टाळण्यासाठी ती भाजी आणायला दोन गल्ल्यांचा वळसा घेऊन जात असे. वारा पूर्वेकडून आला की मात्र वळशाचा उपयोग होत नसे.

म्हातारे ग्वो, तिचे यजमान, हे सगळे खिडकीजवळच्या खुर्चीतून पाहत आले होते. एकेचाळीस वर्षे शाळेत घंटा वाजवून ते निवृत्त झाले होते. बोलणे त्यांना फारसे जमत नसे. डाव्या मनगटावर एक जुने किल्लीचे घड्याळ होते. रोज सकाळी ते त्याला बारा वेळा पीळ देत, आणि वेळेच्या बाबतीत ते जगात दुसऱ्या कुणाचा शब्द मानत नसत. पेला आज पाचव्यांदा कडेला गेलेला त्यांनी पाहिला. तो कुणी सरकवला आणि कुणी ओढला हेही त्यांना ठाऊक होते. त्यांना वाटले, आपण काही बाजू घेऊ नये. फक्त पेला उचलून बाजूला ठेवावा, म्हणजे प्रश्नच मिटेल.

ते उठले, मेजापाशी गेले, आणि जन्मात कधी घेतली नव्हती एवढी काळजी घेऊन त्यांनी पेला उचलला. काळजी होती ती पेल्यापुरती. बाही पितळी पात्राला लागली. पात्र वाचवायला ते वळले आणि पेला हातातून सुटून मेजावरच कलंडला.

चहा लिनच्या कागदावर पडला नाही. तुलनेसाठी म्हणून श्यूचिनने शेजारी बशीत यानचा जुना कागद मांडला होता, त्याच्यावर पडला.

श्यूचिन धावत आली. तिने तोंड उघडले, पितळी पात्राकडे पाहिले, आणि आवाज अर्ध्यातून गिळून कुजबुजली, "म्हाताऱ्या! काय केलंस हे?"

"पेला वाचवत होतो," म्हातारेही कुजबुजले.

"कुणापासून?"

म्हातारे पितळी पात्र सरळ करू लागले.

यान पायांत सपाता न घालताच आला. त्याने आधी पेला उचलून उजेडात धरला, गोल फिरवला. "फुटला नाही," तो दबक्या आवाजात म्हणाला. "बघ आई. साधा ओरखडा नाही."

"कागद बघ तुझा! त्या पोरीने अजून उंबरा ओलांडला नाही, नुसता कागद आला, आणि तुझ्या आगीवर पाणी पडलं. पूर्वजांनी आता आणखी काय करायचं? फोन करून सांगायचं?"

"पाणी नाही," म्हातारे अगदी हळू म्हणाले. "चहा."

उदबत्तीची राख वाकली आणि न मोडता तशीच राहिली. श्यूचिनने नवऱ्याकडे पाहिले. सव्वीस वर्षांपूर्वीचा तिचा स्वतःचा निवाडा मेजावरून थेंबाथेंबाने जमिनीवर ओघळत होता.

"चहा पानाफुलांत मोडतो," यान म्हणाला. "तूच सांगितलंयस."

"ते पिण्यापुरतं."

"असं तेव्हा नव्हतीस म्हणाली."

"कुजबुजूनसुद्धा भांडण ते भांडणच," म्हातारे म्हणाले, आणि ते खरे असल्याने दोघेही गप्प झाले.

कागद टिपून पाहिला तेव्हा सहा अक्षरे जागच्या जागी होती. शेवटची दोन, तासाची, शाईच्या एका जांभळट डागात विरघळून गेली होती. पूर्वजांनी होय म्हटले की नाही, हे आता घरात ठरण्यासारखे नव्हते. श्यूचिनने कोट चढवला. "चला. झ्वांगांकडे जाऊ. तास परत लिहून घेऊ आणि तिथेच विचारू. ते सांगतील ते मला मान्य, आणि तुलाही मान्य असलं पाहिजे."

यानने मान डोलावली. त्याने आजवर अकरा मुली नाकारल्या होत्या, त्या सगळ्या आईने शोधलेल्या. बारावी त्याने स्वतः शोधली होती. ती हातची गेली तर तेरावी शोधायची नाही, हे त्याने मनाशी ठरवले होते. ते आईला सांगितले नव्हते, कारण ती धमकी वाटली असती, आणि तो तर नुसता थकवा होता.

झ्वांगगुरुजी जाऊन अकरा वर्षे झाली होती. आता त्यांच्या खोलीत त्यांची सून बसत असे. भिंतीवरचे जुने तक्ते तसेच होते, पण मेजावर मोठ्या पडद्याचा संगणक आला होता. चष्मा कपाळावर चढवून झ्वांगबाईंनी तिघांना बसायला सांगितले, चहा ओतला, आणि यानकडे पाहून त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"अहो, तुम्ही! ओळखलंच नाही कपड्यांत."

यानने पेला घाईने तोंडाला लावला.

"कपड्यांत म्हणजे?" श्यूचिनने विचारले.

"तलावावर रोज दिसतात ना, मावशी. माझी मुलगी जाते तिथे. सकाळी सातला. तिच्या शेजारच्याच पट्ट्यात पोहतात हे. ती ज्यांगबाई शिकवते ना, तिच्याकडे. आधी नुसते दगडासारखे बुडायचे, आता काय सुंदर पोहतात!"

बाहेर गल्लीत कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेले. श्यूचिनने पेला खाली ठेवला.

"किती दिवस?" तिने मुलाकडे न बघता विचारले.

"दोन वर्षं," यान म्हणाला.

"सातला तू कोळसा आणायला जातोस."

"कोळसा येताना आणतो."

"आणि ती चड्डी का काय असते ती? मला कधी दोरीवर दिसली नाही."

"कोळशाच्या पोत्यात असते."

म्हातारे ग्वो खोकले. ते हसू होते की काय, हे सांगता येणार नाही. श्यूचिन मात्र हिशेब करीत होती, आणि तो तिला नको असलेल्या दिशेने चालला होता. "तुझ्या नाकातून रक्त येणं कधी थांबलं रे?"

यानने पेला मेजावर ठेवला. "दोन वर्षांपूर्वी."

दोन वर्षे ती त्याचे श्रेय शेवंतीला देत आली होती. फुलांचा भाव वाढला तरी तिने मात्रा कमी केली नव्हती.

आपण काहीतरी बोलून बसलो आहोत हे झ्वांगबाईंच्या लक्षात आले. त्यांनी घाईने चष्मा डोळ्यांवर ओढला, लाल कागदाची हकिगत आणि मुलीचे नाव विचारून घेतले, आणि ओला कागद पुढे ओढला. "तासच गेलाय ना? काही नाही, आत्ता काढते. जन्म कधीचा? शहाऐंशी, पाचव्याची पाचवी. वेळ?"

"अकरा वाजून वीस मिनिटं," श्यूचिन म्हणाली. या आकड्यावर तिचा आवाज नेहमी थोडा ताठ होत असे. "सुईण घरी आली होती. यांच्याच घड्याळात बघितलं. एक मिनिट इकडेतिकडे नाही."

झ्वांगबाईंची बोटे थांबली. "शहाऐंशीचा उन्हाळा म्हणालात?"

"हो."

"मग मला आणखी एक विचारावं लागेल, मावशी. त्या वर्षापासून सहा उन्हाळे सगळ्या देशाची घड्याळं तासभर पुढे केलेली होती. विजेची बचत म्हणून. आठवतंय? लोक विसरतात. त्या सहा उन्हाळ्यांत जन्मलेलं कुणी आलं की मी पहिला प्रश्न हाच विचारते. काय सांगू तुम्हाला, कितीतरी माणसं तासभर चुकीचं आयुष्य जगतायत."

"म्हणजे?" यान पुढे सरकला.

"घड्याळ पुढे केलेलं असेल, तर तुमचे अकरा-वीस म्हणजे खरे दहा-वीस. घोड्याचा तास लागतो अकराला. दहा-वीसला साप असतो." त्यांनी एक कळ दाबली आणि पडदा तिघांकडे वळवला. लाल आणि हिरव्या अक्षरांच्या रांगेत उजव्या टोकाला, वरच्या ओळीत, एकच काळे अक्षर होते. "आणि त्या दिवशी सापाच्या डोक्यावर हे बसलंय. पाणी. नदीचं नाही, समुद्राचं नाही. दवाचं. एक थेंब."

तिघेही त्या काळ्या अक्षराकडे पाहत राहिले. तेहतीस वर्षे ज्याला दारातून आत येऊ दिले नव्हते, ते मुळात घरातच जन्मले असावे, अशी ती शक्यता होती.

"हे असं असेल तर ऊर्ध्वज्वाला योग नाही," झ्वांगबाई सावकाश म्हणाल्या. "योग मोडला. पण वाईट नाही हो, मावशी. नुसती कुंडली वेगळी झाली. एवढ्या आगीत एकटा थेंब, त्याला जपावं लागतं. अशा माणसाला पाण्याजवळ ठेवायचं, पाण्याची माणसं द्यायची. नाहीतर तो आतल्या आत वाळत जातो. या मुलीचं नाव मला सांगितलंत ना तुम्ही? ज्यांग लिन? मी शोधायला निघाले असते तरी यापेक्षा चांगली मिळाली नसती."

"आणि घड्याळ पुढे केलेलं नसेल तर?" हे यानने विचारले. प्रश्न विचारल्यावर त्याचा चेहरा पांढरा पडला. पण तो बापाचा मुलगा होता, अर्धी गोष्ट त्याला घेता येत नसे.

"तर आमचे सासरे बरोबर होते. शुद्ध ज्वाला. मग तो लाल कागद आजच परत करा, पोहणं बंद करा, आणि मी तलावाचं काही बोलले हे विसरून जा." त्यांनी श्यूचिनकडे पाहिले. "सांगा, मावशी. घड्याळ पुढे होतं का?"

म्हातारे ग्वो खुर्चीत सरळ झाले. चाळीस वर्षांत कुणी त्यांना वेळेविषयी प्रश्न केला नव्हता, आणि आज केला तोही त्यांच्या बायकोला. त्यांनी उजव्या हाताने डावे मनगट धरले. "माझं घड्याळ," त्यांनी घसा साफ केला, "त्या दिवशी माझं घड्याळ..."

श्यूचिनने मुलाकडे पाहिले. आज पहिल्यांदाच तिला त्याच्या ओठांवरच्या भेगा पुसट झालेल्या दिसल्या. कानामागचे केस किंचित ओले होते, रोज सकाळी असत तसे. त्यांना एक तीव्र, परका वास येत असे आणि ती तो कोळशाचा समजत आली होती. एखाद्या दिव्याभोवती आपण तेहतीस वर्षे दोन्ही हातांची ओंजळ धरून उभे राहावे, आणि मग लक्षात यावे की दिवा केव्हाच पेटता झाला आहे, भाजत आहेत ते फक्त हात.

"पुढे होतं," श्यूचिन म्हणाली.

"यानची आई, मी त्या दिवशी विहिरीवरून..."

"तू शाळेचा माणूस. सरकारी वेळेवर घंटा वाजवायचास. तुझं घड्याळ सरकारीच असणार, दुसरं कुठलं?" आणि झ्वांगबाईंकडे वळून, "पुढे होतं. लिहा. सापाचा तास."

झ्वांगबाईंनी लिहिले. काळी शाई लाल कागदावर ओली चमकली आणि वाळली.

तिसरा दिवस म्हाताऱ्यांना जड गेला. बाकी घर हलके झाले होते. यानने वाट्या पलंगाखालून बाहेर काढल्या, पेला मेजाच्या मधोमध स्थिर राहिला, आणि श्यूचिन सकाळीच पिशवी घेऊन कुठेतरी गेली. पण खुर्चीत बसलेल्या माणसाच्या मनगटावर एक सत्य टिकटिकत होते. ते आपल्याला एकट्यालाच ठाऊक आहे अशी त्याची समजूत होती. तिला आठवत नसणार. वेदनेत असलेल्या बाईला कुठले आठवणार? तिने चुकीने सांगितले, चुकीवर कागद झाला, आणि तो चुकीचा कागद आता पूर्वजांपुढे पडला आहे. शाळेची घंटा चुकली तर फार तर पोरे पाच मिनिटे आधी घरी जातात. हे निराळे होते. आणि बोललो तर? दुपारी ती मुलगी जेवायला येणार होती. यान सकाळपासून तिसरा शर्ट बदलत होता.

त्यांनी दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा यानला म्हणाले, "एक सांगायचं होतं." यान म्हणाला, "बाबा, हा निळा बरा दिसतो का?" निळा शर्ट या घरात पहिल्यांदाच आला होता. म्हातारे म्हणाले, "बरा दिसतो." दुसऱ्यांदा त्यांनी पूर्वजांसमोरच कबुली द्यायचे ठरवले, उदबत्ती लावली, आणि सुरुवात कशी करावी ते न सुचल्याने तिला नुसतेच पाहत राहिले.

शेवटी बाराच्या सुमाराला ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. आत वाफ दाटली होती. वाफेला आले आणि कांद्याच्या पातीचा वास होता, आणि त्या दोन्हींखाली आणखी एक वास, जो या भिंतींना परका होता. श्यूचिनने झाकण उचलले. ताटात एक मोठा पिवळा मासा होता, सबंध, शेपटी किंचित ताटाबाहेर आलेली.

"यानची आई," म्हातारे म्हणाले, "मी घड्याळ पुढे केलं नव्हतं."

तिने चमच्याने माशावर रस ओतला. "मीठ बघ जरा."

"ऐक. एकही उन्हाळा केलं नव्हतं. घंटा सरकारी वेळेवर वाजवायचो, पण ती शाळेच्या घड्याळात बघून. हे माझं होतं. सूर्य तासभर आधी माथ्यावर येत नाही, मग मी का..."

"मला माहीत आहे."

म्हाताऱ्यांनी मनगट मुठीत धरले.

"त्या सणाला दुपारच्या, घोड्याच्या तासाचं पाणी विहिरीतून काढतात," श्यूचिन म्हणाली, आणि तिचा हात थांबला नाही. "सगळी गल्ली सरकारी घड्याळ बघून तासभर आधीच भरून गेली. तू एकटा रिकामी बादली घेऊन विहिरीवर उभा. खरे अकरा वाजायची वाट बघत. लोक हसत होते, ते मला इथे पलंगावर ऐकू येत होतं. मी कळा देत होते, सुईण तुझ्या नावाने शंख करत होती, आणि तू सूर्य बघत उभा होतास. बादली घेऊन उंबऱ्यात पाय ठेवलास आणि पोर रडलं. तू पाण्याची बादली खाली ठेवायच्या आधी घड्याळ बघितलंस. मी हे विसरेन होय?"

म्हातारे एक पाऊल आत आले. "मग काल..."

"आणि त्याच पाण्याने त्याला पहिली अंघोळ घातली. दुसरं पाणी घरात नव्हतंच. गुरुजींना हे मी कधी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही." तिने चॉपस्टिक्स उचलल्या, माशाच्या गालाजवळचा बोटभर तुकडा काढला, आणि उभ्या उभ्या तोंडात घातला. तिचे डोळे मिटले. वाफेमुळे ते ओले दिसत होते, किंवा वाफ हे एक सोयीचे कारण होते.

"पूर्वजांना फसवलंस तू," म्हातारे शेवटी म्हणाले. आवाजात दोष नव्हता. ते एखाद्या तासाची नोंद करावी तसे बोलले.

"फसवलं नाही," तिने डोळे न उघडता सांगितले. "थोडी सोय करून दिली. त्यांना, आणि मलाही." आणखी एक तुकडा तिने काढला, या खेपेला त्यांच्यासाठी. "तेहतीस वर्षं मी नाही म्हणत आले. आपणहून कशी हो म्हणणार होते? कुणीतरी माझ्या हातून ते 'नाही' काढून घ्यायला हवं होतं. काल त्या बाईने एक तास काढून घेतला. मी दिला."

म्हाताऱ्यांनी मासा खाल्ला. काटा जिभेवर आला, तो त्यांनी तळहातावर काढून ठेवला.

"आणि आता," श्यूचिन म्हणाली, "ते घड्याळ पुढे कर."

"कोणतं?"

"मनगटावर किती आहेत तुझ्या? कागदात घड्याळ पुढे आहे. ती मुलगी कधीतरी विचारेल, नातवंडं विचारतील. घरात एक तरी गोष्ट कागदाशी जुळायला नको? तासभर पुढे कर."

सरकारने सलग सहा उन्हाळे सांगूनही जे झाले नव्हते, त्यासाठी म्हाताऱ्यांनी उजव्या हाताच्या दोन बोटांत किल्ली धरली. ती बाहेर ओढताना बारीकसा आवाज झाला. मोठा काटा एक पूर्ण फेरा फिरून जागेवर आला. बाहेर, पूर्वजांच्या मेजावर, तिन्ही पेले शांत होते.

दार वाजले. यान धावला. उंबऱ्याबाहेर ज्यांग लिन उभी होती, एका हातात फळांची पिशवी, केस अजून टोकाला ओले, आणि चेहऱ्यावर परीक्षेला आल्यासारखा भाव. आत आल्यावर तिने आधी म्हाताऱ्यांना वाकून नमस्कार केला.

"काका, मला बाराला यायला सांगितलं होतं ना? उशीर तर नाही झाला?"

म्हातारे ग्वोंनी मनगटाकडे पाहिले. वेळेविषयी ते आयुष्यात कधी खोटे बोलले नव्हते.

"तासभर झाला," ते म्हणाले. "पण या घरात तेवढं चालतं. ये."